पाचगणीत बसलेला केक



मुलांनो, तुमचे नाच बाकी आहेत, नाटक बाकी आहे, बक्षीस समारंभही बाकी आहे, म्हणून थेट मुद्द्यावर येते. मी आपल्या सांगलीत बेकरी चालवते आणि तुमच्यातले बरेच जण मला पावाच्या लाद्यांमुळेच ओळखतात. आज मी तुम्हाला एका मे महिन्याची हकीगत सांगणार आहे. तो मे महिना तुमच्याच शाळेतल्या, नववीत शिकणाऱ्या एका मुलीचा आहे. हकीगत सांगायला तिनं परवानगी दिली, पण नाव घ्यायचं नाही या अटीवर. ती आत्ता तुमच्यातच बसली आहे. कृपा करून मान वळवून शोधू नका.

या मुलीच्या घरी ओव्हन नाही. ती केक करते तो कुकरमध्ये. कुकरची शिट्टी आणि रिंग काढायची, तळाशी जाड मिठाचा थर घालायचा, त्यावर जाळी ठेवायची, कुकर रिकामाच तापवायचा आणि मग केकचं भांडं आत ठेवून मंद आचेवर झाकण लावायचं. महाराष्ट्रातल्या लाखो घरांत केक असाच झालेला आहे, आणि चांगला झालेला आहे. हे मुद्दाम सांगते, कारण ‘आमच्याकडे ओव्हन नाही’ म्हणून पुष्कळ मुलं सुरुवातच करत नाहीत. सांगलीत तिचा रव्याचा केक छान फुगायचा. मे महिन्यात सगळं घर मावशीकडे पाचगणीला निघालं, आई-बाबा, धाकटा भाऊ आणि आजी. मावशीला केक करून घालायचा म्हणून हिनं आपली मापाची वाटी पिशवीत टाकली. वाटी तीच, रवा त्याच दुकानातला, हातही तोच. पण पाचगणीत केक भराभर वर आला आणि झाकण काढेपर्यंत मधोमध खाली बसला.

घरात सगळ्यांनी कारणं सांगितली. दूध वेगळं असेल, गॅस मोठा झाला असेल, झाकण मध्येच उघडलं असेल. खरा धागा सापडला तो धाकट्या भावाला. सांगलीहून घेतलेलं वेफर्सचं पाकीट त्याच्या पिशवीत तसंच होतं आणि ते फुग्यासारखं टम्म झालं होतं. त्याला वाटलं वेफर्स खराब झाले. हिला वाटलं, केक आणि पाकीट यांचं काहीतरी नातं आहे.

नातं होतंच. सांगली समुद्रसपाटीपासून साधारण ५५० मीटर उंचीवर आहे, पाचगणी सुमारे १३०० मीटरवर. वाईहून पसरणी घाट चढताना तुमचे कान बंद होतात ना, ते याच कारणानं. वर हवेचा दाब कमी. पाकिटातली हवा सांगलीची, बाहेरचा दाब पाचगणीचा, म्हणून पाकीट फुगलं. केकमध्येही तेच घडलं. बेकिंग पावडरमधून निघालेल्या कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे कमी दाबात जास्त मोठे झाले, पीठ शिजून घट्ट होण्याआधीच त्यांच्या भिंती ताणून फुटल्या आणि केक खाली आला. शिवाय पाणी तिथे १०० अंशांऐवजी ९६ अंशांच्या आसपासच उकळतं, त्यामुळे केकमधलं पाणी लवकर उडून जातं. दर ३०० मीटरला साधारण एक अंश उतरतो, हे तुमच्या विज्ञानाच्या शिक्षकांना विचारा, ते जास्त नीट सांगतील. हिनं दुसऱ्या दिवशी बेकिंग पावडर थोडी कमी केली, साखर दोन चमचे कमी केली आणि दूध जरा वाढवलं. केक उभा राहिला. मावशीनं तो गच्चीवर नेऊन शेजाऱ्यांना वाटला.

मित्रहो, हवेचा दाब हा धडा तिनं आधी वाचला होता आणि परीक्षेत त्याला गुणही मिळवले होते. पण तो तिचा झाला पाचगणीच्या ओट्यावर. मला तुमच्याशी आणि त्याहून जास्त तुमच्या पालकांशी याच गोष्टीबद्दल बोलायचं आहे. सुट्टी लागायच्या आधीच मुलांची सुट्टी भरून टाकायची घाई आपल्याला होते. सकाळी एक शिबिर, दुपारी एक क्लास, मधल्या चार दिवसांत कुठेतरी जाऊन यायचं, फोटो काढायचे आणि परत यायचं. त्या चार दिवसांत मूल काय घेऊन निघतं? बॅग आणि टोपी. या मुलीनं पाचगणीपासून पुढे एक प्रश्न बरोबर घेतला. केक सगळीकडे सारखा का होत नाही? हा एक प्रश्न हातात असल्यामुळे तिचा पुढचा सगळा प्रवास बदलला. लोक जिथून फक्त पुढे जातात, तिथे ती थांबायला लागली.

महाबळेश्वरहून आंबेनळी घाट उतरून पोलादपूरला येईपर्यंत भावाचं पाकीट पुन्हा सैल पडलं. चिपळूणला ती मंडळी कोकण रेल्वेत बसली. हा मार्ग १९९८ मध्ये पूर्ण सुरू झाला. त्याआधी या बाजूनं मालवणला आईच्या माहेरी जायचं म्हणजे एसटीचा लांबचा प्रवास, हे तिच्या आईनं गाडीत बसल्या बसल्या सांगितलं. रत्नागिरी सुटल्यावर पानवळच्या उंच पुलावरून गाडी गेली तेव्हा सगळे खिडकीशी. मग कुडाळ आणि तिथून मालवणाकडचं आजोळ.

आजोळी तिनं सांगलीहून नेलेली नानकटाई एका रात्रीत मऊ पडली. साखरेला हवेतलं पाणी ओढून घ्यायची सवय असते आणि मे महिन्यातल्या किनाऱ्यावर हवेत पाण्याला तोटा नसतो. पण मालवणात तिला सापडलं ते त्याहून मोठं. आजोळच्या आजीनं बरक्या फणसाच्या रसाचं धोंडस केलं. पावसाळ्यात हेच धोंडस तवशाचं होतं, म्हणजे मोठ्या जून काकडीचं. तांदळाचा रवा, गूळ, ओलं खोबरं, वेलची. पातेलं चुलीवर, वर झाकण आणि झाकणावर निखारे. खालून आच, वरून आच. धोंडसाला वरून तांबूस रंग आला, कडा खरपूस झाल्या, सुरीनं वड्या पडल्या.

ती आजीला म्हणाली, ‘आजी, हे तर बेकिंगच आहे.’ आजी म्हणाली, ‘आमी ह्याका धोंडस म्हणतो.’

मला ही गोष्ट फार मोलाची वाटते. भट्टीत किंवा बंद आचेत भाजणं हे बाहेरून आलेलं, साहेबाचं, आपलं नसलेलं काहीतरी आहे, असं आपण धरून चालतो. आपल्याकडे चंद्रसेनीय कायस्थ प्रभूंच्या घरी भानोलं होतं, कोबीचं आणि कोळंबीचं. तेही परंपरेनं असंच, वर-खाली निखाऱ्यांत. कोकणातल्या बायकांनी ओव्हनचं नाव ऐकण्याआधी हे करून ठेवलं आहे. आणि तापमान? आजी झाकणाच्या वर तळहात धरायची आणि किती निखारे ठेवायचे ते ठरवायची. तिच्याकडे आकडा नव्हता, पण अंदाज पक्का होता. माझ्या बेकरीतल्या ओव्हनला डिजिटल तापमापक आहे. तो चुकला तर मला दुरुस्तीवाला बोलवावा लागतो. आजीचा हात तिच्याजवळच असतो. हा हात तिच्या पिढीबरोबर जाऊ नये, असं वाटत असेल तर नातवंडांनी चुलीजवळ बसलं पाहिजे, आणि आज बसलं पाहिजे.

मालवणहून ती मंडळी गोव्याला गेली. बाबांचे जुने मित्र सासष्टीत राहतात, माजोर्ड्याच्या बाजूला. माजोर्डा हे गोव्याच्या पावाचं मूळ गाव मानतात. जेझुइट पाद्र्यांनी तिथल्या लोकांना पाव भाजायला शिकवलं, असं गोव्यात सांगतात. पोर्तुगीज आले १५१० मध्ये. मिरची, काजू, बटाटा ही त्यांच्याबरोबर आलेली मंडळी आज आपल्या ताटातून वेगळी काढता येणार नाहीत. पावाचंही तसंच झालं. सकाळी सायकलवर टोपली बांधून, भोंगा वाजवत येतो तो पोदेर. त्याच्या टोपलीत पोयी असते, कोंड्याची, आतून पोकळ. उंडो असतो, गोल आणि कडक पाठीचा. कातरो असतो. आणि कांकण, बांगडीच्या आकाराचं, चहात बुडवून खायचं.

इतर पाहुणे सकाळी भोंगा ऐकून उठतात. ही मुलगी बाबांना घेऊन पहाटेच्या अंधारात पोदेराच्या भट्टीवर गेली. भट्टीला तिथे फोर्न म्हणतात. मातीविटांचा घुमट, आत लाकडं पेटवतात, घुमट तापला की निखारे बाजूला सारतात आणि लांब दांड्याच्या फळीनं पाव आत सरकवतात. भट्टी किती तापली हे बघायला कारागिरानं तळावर चिमूटभर पीठ टाकलं. पीठ किती वेळात तांबूस होतं यावरून तो ठरवतो. तिला लगेच आजीचा तळहात आठवला, असं तिनं वहीत लिहिलं आहे. मी ती वही वाचली आहे. पीठ तांबूस होणं, पावाची पाठ सोनेरी होणं, तुमची भाकरी डागाळणं, या सगळ्यामागे जी रासायनिक क्रिया आहे तिला मायार क्रिया म्हणतात. लुई-कामीय मायार या फ्रेंच शास्त्रज्ञानं ती १९१२ मध्ये मांडली. प्रथिनं आणि साखर तापली की एकमेकांशी जुळतात आणि त्यातून रंग आणि वास तयार होतो. पहाटे बेकरीच्या गल्लीतून जाताना जो वास येतो, तो हाच.

त्या भट्टीच्या मालकानं तिला आणखी एक गोष्ट सांगितली. त्याच्या आजोबांच्या काळात पिठात यीस्ट म्हणून सूर घालायचे. सूर म्हणजे माडाची ताडी. रेंदेर माडावर चढून ती उतरवायचा आणि तिच्यातल्या नैसर्गिक यीस्टवर पाव फुगायचा. आता पाकिटातलं यीस्ट येतं. पीठ आंबवण्याचं काम साखर खाऊन वायू सोडणारे हे जिवंत जीव करतात, हे लुई पाश्चरनं १८५७ च्या सुमाराला दाखवायला सुरुवात केली. माजोर्ड्याच्या पोदेरांना त्याच्या कित्येक पिढ्या आधी ते हाताला माहीत होतं. तुमच्या घरचं आंबोळीचं पीठ रात्रीत वर येतं तेव्हा तुमच्याही ओट्यावर याच जातीचं काम चालू असतं.

आता जरा थांबते, कारण इथे मला मनातलं बोलायचं आहे. त्या भट्टीवर काम करणारे कारागीर कर्नाटकातून आलेले होते. गोव्यातल्या अनेक बेकऱ्यांत आज तसंच आहे. माझ्या बेकरीतले दोघे उत्तर प्रदेशातले आहेत. तुम्ही सुट्टीवर असता तेव्हा ही माणसं रात्री दोनला पीठ मळत असतात, आणि मे महिन्यात भट्टीसमोर उभं राहणं काय असतं ते मी शब्दांत सांगू शकत नाही. लाकडाचा धूर त्यांच्या छातीत जातो. मुंबईत २०२५ मध्ये लाकूड आणि कोळशावरच्या बेकऱ्यांना गॅसवर किंवा विजेवर जायला सांगण्यात आलं. मी स्वतः हा बदल केला आहे आणि कारागिरांच्या फुप्फुसांसाठी तो योग्यच आहे असं मानते. पण त्याचा खर्च लहान बेकरीवाल्याला एकट्याला पेलत नाही. त्याला मदत मिळाली पाहिजे, नाहीतर धुराबरोबर बेकरीही जाईल. फिरायला जाल तिथे जे खाल, ते कोणी केलं आणि तो किती वाजता उठला, एवढं विचारत जा. ती मुलगी विचारून आली. तिच्या वहीत बेबिंका या गोव्याच्या गोड पदार्थाची कृतीही आहे. नारळाचं दूध, अंड्याचा बलक, एकावर एक थर, प्रत्येक थर वरून भाजायचा. बेबिंकाला २०२३ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. पण त्या पानावर सर्वांत वर काय आहे? ती कृती देणाऱ्या बाईंनी पहिला थर किती वाजता लावला आणि शेवटचा किती वाजता, ते.

आणखी एक. बेकरीत भट्टीवर बहुतेक ठिकाणी पुरुषच दिसतात. घरात मात्र केक करणं हे मुलींचं काम ठरतं. मुलांनो, या विभागणीला काहीही अर्थ नाही. या मुलीच्या धाकट्या भावाचा हात कणीक मळायला तिच्याहून चांगला आहे, हे मी पाहिलं आहे. गव्हातली ग्लियाडिन आणि ग्लुटेनिन ही प्रथिनं पाण्यात मळली की त्यांचं ग्लुटेनचं जाळं बनतं आणि तेच वायू धरून ठेवतं. ते जाळं मनगटाच्या जोरावर बनतं, मुलगा की मुलगी ते बघून नाही.

प्रवास संपला आणि मे महिना सरायला आला, तेव्हा ही मुलगी माझ्याकडे आली. एकटी नाही, सांगलीच्या आजीला घेऊन. आजी काउंटरशी उभ्या राहिल्या आणि त्यांनी विचारलं, ‘घरचं सामान आणून बिस्किटं पाडून देता का अजून?’

मुलांनो, तुमच्यापैकी बहुतेकांना हे माहीत नसेल. तुमच्या आजी-आजोबांना विचारा. ओव्हन घरात नव्हते तेव्हा मे महिन्यात बायका घरून मैदा, रवा, पिठीसाखर आणि डालडा किंवा तूप घेऊन बेकरीत यायच्या. मोठे पत्र्याचे डबे बरोबर असायचे, त्यावर खडूनं नाव घातलेलं. भट्टीतून पाव निघाला की आच उतरायला लागते. पावाची आच बिस्किटाला चालत नाही, जळतं. ती उतरती आच बिस्किटांसाठी ठेवायची. माझ्या सासऱ्यांच्या काळात आमच्या बेकरीसमोर त्या वेळेला रांग लागायची. मुलं डब्यांवर बसून पत्ते खेळायची, बायका मापं आणि युक्त्या एकमेकींना सांगायच्या, कोणाच्या बिस्किटाला भेगा छान पडल्या यावर चर्चा व्हायची. मग पाकिटातली बिस्किटं स्वस्त झाली, पुष्कळ घरी ओव्हन आले आणि रांग संपली.

मी आजींना हो म्हटलं. दुपारी पाव निघाल्यावर आम्ही ओव्हन उतरू दिला. आजींनी परातीत तूप आणि पिठीसाखर घेऊन तळहातानं फेसायला सुरुवात केली. एक वाटी तूप, एक वाटी साखर, दोन वाट्या मैदा, त्यात थोडा रवा, वेलची. पांढरं, हलकं होईपर्यंत फेसायचं. या फेसण्यातच हवा भरली जाते आणि नानकटाई खुसखुशीत होते. मिक्सरनं पटकन होतं, पण तूप गरम होऊन पातळ पडतं. हे मला आजींनी शिकवलं, आणि मी या धंद्यात उमेदीची सगळी वर्षं घालवली आहेत. पहिला ट्रे निघाला तेव्हा माझे दोन्ही कारागीर हातातलं काम टाकून बघायला आले. मुलीनं एक ट्रे नाचणीच्या पिठाचा केला. नाचणीत ग्लुटेन नाही, त्याचा पाव फुगत नाही, पण नानकटाईला ग्लुटेन लागतच नाही, हे तिनं स्वतः ताडलं होतं. ती नाचणी मालवणच्या आजीनं बांधून दिली होती.

त्या दुपारी आजींच्या वाड्यातल्या आणखी चार बायका आल्या. पुढच्या आठवड्यात त्याहून जास्त. मी त्यांच्याकडून फक्त विजेचे पैसे घेतले, आणि तेही घ्यावेत हा आजींचा आग्रह होता.

पालकांना माझी एक विनंती आहे. ओटा खराब होईल, पीठ वाया जाईल, म्हणून मुलांना स्वयंपाकघरातून बाहेर काढू नका. वाया जाणारं पीठ वाटीभर असतं. त्या वाटीत मूल मोजायला, थांबायला, कारण शोधायला आणि दुसऱ्यासाठी काहीतरी करायला शिकतं, आणि हे शिकवणारा एकही क्लास मला माहीत नाही. आणि प्रवासाला जाल तेव्हा एखादा दिवस मोकळा ठेवा. ज्या दिवशी कुठलंही ठिकाण ‘करायचं’ नाही, त्याच दिवशी पोदेराची भट्टी बघून होते.

या मुलीचा पुढच्या मे महिन्याचा बेत तयार आहे. तिचे काका सोलापूरकडे असतात. मंगळवेढ्याच्या मालदांडी ज्वारीला भौगोलिक मानांकन आहे. ज्वारीच्या भाकरीला पीठ जोडून यावं म्हणून आपण कढत पाणी घालतो. त्याच युक्तीनं ज्वारीचा केक एकसंध राहील का, हे तिला करून बघायचं आहे. मला उत्तर माहीत नाही. मी तिची वाट बघते आहे.

आणि तुमच्यासाठी. येत्या एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यापासून शाळा उघडेपर्यंत, दर रविवारी दुपारी दोन वाजता माझ्या बेकरीचं मागचं दार तुमच्यासाठी उघडं असेल. मैदा, साखर, तूप घरून आणायचं. डबा आणायचा, त्यावर नाव घालायचं. सुती कपडे घालून यायचं, केस बांधायचे, पायात बूट हवेत, चप्पल चालणार नाही. ओव्हनचं दार फक्त मी किंवा माझे कारागीर उघडतील. बरोबर घरातलं एक मोठं माणूस हवं, शक्यतो आजी किंवा आजोबा, कारण मापं त्यांना पाठ आहेत. नावनोंदणी तुमच्या कार्यानुभवाच्या बाईंकडे उद्यापासून करता येईल, मी त्यांच्याशी बोलून ठेवलं आहे. एका रविवारी वीसच डबे घेता येतील, तेव्हा लवकर नाव द्या.